रामटेके सिस्टरचे आठवडे

आमच्या गल्लीतल्या रामटेके सिस्टर तारीख सांगत नाहीत. त्या आठवडे सांगतात. नगरपालिकेने माझ्या ऑफिसपुढे नाली खोदून ठेवली आहे, तिच्यात त्या रोज सकाळी फिरून येताना डोकावतात. परवा म्हणाल्या, "भाऊ, नालीले ऐंशी आठवडे झाले. एवढ्यात दोन बाळंतपणं निपटली असती."

सिस्टरची अख्खी नोकरी एटापल्लीकडच्या जंगलात, नर्स म्हणून झाली. आता ब्रह्मपुरीत माझ्या ऑफिससमोर दोन खोल्यांत एकट्या राहतात. चालीवरून बाईचे दिवस ओळखतात. एकदा त्या माझ्याकडे चहा पीत बसल्या असताना एक जोडपं टूर बुक करायला आलं. बाई खुर्चीपर्यंत पोचायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "गाडीत मागच्या सीटवर नोको बसजो, बाई. दहावा आठवडा लागला आहे तुले." नवऱ्याला ती बातमी तिथेच कळली. दोघं हसत-रडत निघून गेले आणि बुकिंगही त्यांच्याबरोबर गेलं.

मी काळी-पिवळी जीप चालवून वर आलेला माणूस. आरमोरी रोडवर दहाच्या जागी सोळा सवाऱ्या बसवल्या, सतराव्याशी भांडलो, तेव्हा कुठे आज ट्रॅव्हल्सचा बोर्ड लागला. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही आणि देत नाही. राग लवकर येतो, हेही खरं. पण सिस्टरवरचा माझा राग रीतसर आहे.

गेल्या वर्षी मी आमच्या भागातून पहिल्यांदा क्रूझची टूर काढली. मुंबईहून जहाज, पाच रात्री पाण्यावर, परत मुंबई. बावीस माणसं, सगळी धानपट्ट्यातली. मोठं पाणी म्हणजे वैनगंगेचं, एवढीच त्यांची ओळख. त्यात माझी मुलगी पल्लवी होती. तिची आई गेली तेव्हा ती सहावीत होती. रडायची थांबेना म्हणून मी तिला म्हटलं होतं, तुला समुद्र दाखवतो. मग जीप आली, ऑफिस आलं, तिचं लग्न आलं, आणि समुद्र राहून गेला. आता ती पोटुशी होती. बाळ झालं की ती कुठली निघते? मला तिला याच जहाजावर न्यायचं होतं.

कंपनीने नियमांचा गठ्ठा पाठवला. मी बावीस झेरॉक्स काढून वाटल्या. एकवीस जणांनी सही केली. एकीने वाचला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर लाल पेन्सिल घेऊन हजर. "भाऊ, अकराव्या पानावर पाह्यलं का? परतायच्या दिवशी पोटुशी बाईचे चोवीस आठवडे पूर्ण झाले असले तर जहाजावर घेत नाई. डॉक्टरचं पत्र पायजे. त्यात आठवडे पायजेत, बाळंतपणाची तारीख पायजे, प्रवासाले हरकत नाई असं पायजे."

मी खणातून पत्र काढून त्यांच्यापुढे आपटलं. "परतायच्या दिवशी बरोबर तेवीस. वाचा."

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. "तारीख कोणी सांगतली?"

"मी."

"तुमाले कसं माहीत?"

आता हे बापाने कसं सांगायचं? दवाखान्यात पल्लवीने पाळीची तारीख विचारल्यावर सांगितलं होतं, मंडईचा दिवस. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला विचारलं, मंडई कधी होती? मी सांगितली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, घरात पाहुणे, आणि मग नाटक. गडबड एवढीच की प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी असते, नाहीतर पाहुण्यांनी जायचं कुठे कुठे? मी माझ्या गावच्या मंडईची तारीख दिली. पल्लवीच्या सासरच्या गावीही मंडई भरते, हे मला ठाऊक होतं. कोणती, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

शेवटी मी मंडईचं सांगितलं. सिस्टर घरी गेल्या आणि एक जाडजूड वही घेऊन आल्या. वहीत गावांची नावं आणि त्यांपुढे मंडयांचे दिवस. वर्षानुवर्षांचे. कुठे पोळा, कुठे पहिला मोहा कधी पडला, तेंदूपत्त्याची तोडणी कधी लागली. जंगलातल्या बाया पाळीची तारीख अशीच सांगत, म्हणून सिस्टरांनी हा हिशेब ठेवला होता आणि रिटायर झाल्यावरही सोडला नव्हता.

"पल्लवी नवी सून. पहिली मंडई सासरची करते का बापाची?" त्यांनी ओळीवर पेन्सिल ठेवली. "तिच्या सासरची बारा दिवस आधी झाली. म्हणजे परतायच्या दिवशी चोवीस आठवडे पाच दिवस."

"सिस्टर, पाच दिवसांनी काय होते?"

"पाचव्या दिवशी काय होते ते मले माहीत आहे. तुमाले नाई."

"पत्रावर डॉक्टरची सही आहे. तुम्ही कायले मधात पडता?"

"मीही त्याच जहाजावर आहे न भाऊ. चढू द्या तिले. तिथच्या डॉक्टरले मी स्वतः सांगीन."

मी त्यांना ऑफिसबाहेर काढलं. नीट शब्दांत काढलं असं म्हणणार नाही. मग त्यांना खोटं पाडायला पल्लवीला घेऊन सोनोग्राफीला गेलो. पहिली सोनोग्राफी राहूनच गेली होती, कारण जावई सूरजागडच्या खाणीत ड्युटीवर आणि सासूला मशीनची भीती. रिपोर्टमध्ये सिस्टरचाच आकडा आला. नुसता आठवडा नाही, दिवससुद्धा.

मी हार मानणारा नव्हे. कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. मी म्हटलं, "चोवीसचे पंचवीस करा." ती म्हणाली, "सर, हा नियम आहे." मी म्हटलं, "बावीस माणसं आणून राह्यलो, गंमत आहे का? बरं, तुमचं नको, माझं नको, साडेचोवीस." ती म्हणाली, "सर, चोवीस." मी म्हटलं, "मग जहाज पाच दिवस आधी सोडा." ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, विचारायला गेली. तिने फोन ठेवला होता.

मागे कागदाचा आवाज झाला. दारात सिस्टर उभ्या होत्या. "चोवीस आठवड्यांत भाव होत नाई, भाऊ. मीही लय करून पाह्यला."

निघायच्या दिवशी बस भरली, माणसं मोजली तर वीस. पल्लवी तर माझ्या घरीच राहणार होती. सिस्टर दारात साध्या चपला घालून उभ्या. नवी बॅग घेतली होती, उन्हाची टोपीसुद्धा घेतली होती. सगळ्या गल्लीला दाखवून झाली होती.

"बसा," मी ओरडलो. "एकीची जागा घालवली, आता स्वतःची घालवता का?"

"पोरगी इथी एकटी रडत बसन. तुमी जा. जहाजाचा भोंगा कसा वाजते ते पाहून या."

पाच रात्री मी समुद्रावर होतो आणि पाचही दिवस मनात सिस्टरशी भांडलो. परत आलो तर पल्लवी खुशीत. सिस्टर तिला रोज संध्याकाळी ऑटोने वैनगंगेवर नेत होत्या. टोपी पल्लवीच्या डोक्यावर असायची. काठावर बसून सिस्टर तिला नियमांचा गठ्ठा वाचून दाखवायच्या, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते करूनसुद्धा दाखवायच्या. पल्लवी म्हणाली, "बाबा, मी इतकी कधी हसलेच नव्हते."

बाळ झालं ते सिस्टरने सांगितलेल्या आठवड्यातच. मुलगी. नोंद करायला त्यांनी तीच जाडी वही माझ्या टेबलावर उघडली. पान शोधताना जुनी पानं सरकली. प्रत्येक ओळीत गाव, बाईचं नाव, आठवडे, आणि शेवटी मुलगा किंवा मुलगी. एका ओळीत नाव नव्हतं. "पावसाळा. नाला भरलेला. डोंग्याने पलीकडे, लसीकरणाला. चोवीस आठवडे पाच दिवस." शेवटचा रकाना कोरा होता.

"ही कोण?" मी विचारलं.

त्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं. "वरून हुकूम होता, जायचंच. डोंगेवाल्याने हात देऊन बसवलं. कोणाले काही वाटलं नाई." मग त्यांनी पान उलटलं. "त्या दिवशी मले कोणी कागद मागतला नाई, भाऊ. मागतला असता तर थांबली असती मी."

बाहेर नालीत कोणाची तरी सायकल अडकली होती आणि माणसं ओरडत होती. आम्ही दोघं तिकडे पाहत राहिलो.

मग त्यांनी पल्लवीच्या मुलीची ओळ पूर्ण केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सहा महिन्यांच्या आतलं लेकरू जहाजावर घेत नाई. चौदावं पान. सव्वीस आठवडे पूर्ण झाल्यावरची टूर पाहा."

यंदाच्या टूरचा गठ्ठा कालच आला. अजून मी एकही झेरॉक्स काढलेली नाही. आधी तो समोरच्या दोन खोल्यांत नेऊन दिला आणि लोकांना सांगून टाकलं, सिस्टरचं वाचून होईपर्यंत कोणी सही करायची नाही. माझा राग अजून आहेच, तो मी सोडलेला नाही. पण खिडकीतून सिस्टर पेन्सिलीला टोक करताना दिसतात. सहाव्या पानावर आहेत.