कोलांटीत गप्प होणारं इंजिन

अख्खी नोकरी एसटीत तिकिटं तपासण्यात गेली, म्हणूनच समुद्रपूर तालुक्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. नुसत्या मानेवरून मी सांगतो, माणसानं तिकीट काढलंय की नाही. इतर गुप्तहेरांना भिंग लागतं, मला चष्मासुद्धा लागत नाही. लागतो असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टरला तपासातलं काय कळतं?

शेजारची मोहिनी खेळातली विमानं उडवते. हातात दांडी, दांडीला दोन बारीक तारा आणि तारांच्या टोकाला खरं इंजिन लावलेलं विमान. मळणीच्या खुंट्याभोवती बैल फिरतो तसं ते तिच्याभोवती फिरतं. एवढंच, की बैल कोलांट्या मारत नाही. येत्या रविवारी नागपूरला ह्याच कोलांट्यांची स्पर्धा होती. आणि तिचं इंजिन सरळ उडताना मस्त गुणगुणायचं, विमान उलटं झालं की गप्प!

"काका, आज ठरवाच लागते," ती रडवेली होऊन म्हणाली. "जुनंच ठेवू, का ताराचंदजीचं नवीन बसवू? नवीन लय जोराचं हाये, पण जड. नाक जड झालं तं विमान कोलांटीतून वरच येत नाई. हे विमान फुटलं तं दुसरं नाई माह्यापाशी. सारा उन्हाळा गेला ह्याच्यात!"

"इंजिन निवडणं मिस्त्रीचं काम," मी म्हणालो. "मी गुन्हेगार निवडतो."

पहिला संशय अर्थातच ताराचंदवर. सेलूचा माणूस, स्वतः त्याच स्पर्धेत, आणि प्रतिस्पर्ध्याला फुकट इंजिन देतो? एसटीतला माझा नियमच होता, जो हसून जागा देतो त्याचं तिकीट आधी बघायचं. मी फोन लावून गरजलो, "गुन्हा कबूल करा!"

"भाऊ, मी जेवून राह्यलो," तो म्हणाला. बघा, कसा जेवणाआड लपला!

दुसरा संशय छपरावरच्या माकडांवर गेला, पण ती जबानी द्यायला थांबली नाहीत. मग मी खोल विचार केला. इंजिनाला चक्कर येत असणार! त्याच्या मनात शिरायचं म्हणून मी मोहिनीच्या अंगणात स्वतःच गरगर फिरू लागलो. सिद्धांत तिथल्या तिथं सिद्ध झाला आणि मी ताडपत्रीवर पसरलेल्या तूरडाळीत तोंडघशी पडलो.

"अवो रूपरावभाऊ!" मोहिनीची आई आनंदाबाई धावत आल्या. "वर्षाची दाळ हाये ते! परवाच एरंडेल चोळलं, कीड लागू नाई म्हणून!"

मोहिनीचा चेहरा उतरला. "आई, एरंडेल कुठचं?"

"तुह्या कपाटातल्या डब्यातलं. एवढा मोठा डबा! तू काय विमानाले एरंडेल पाजतं का?"

"हो आई, पाजतो! इंधनात तेच मिसळा लागते!"

"मंग म्या काय डबा रिकामा ठेवला? जवसाचं तेल भरून ठेवलं. घाण्याचं हाये, चांगलं!"

मोहिनीनं इंधनाची बाटली उन्हात धरली. खाली जवसाचं तेल, वर इंधनातलं स्पिरिट, दोघांत भांडण झाल्यासारखे वेगवेगळे थर. एरंडेल त्यात विरघळतं, जवस विरघळत नाही. ती बाटली हलवून लगेच टाकी भरायची, म्हणून दिसलं नाही. विमान उलटलं की तेलाचा घोट इंजिनाच्या घशात, की इंजिन बंद!

"मला ठाऊकच होतं," मी डाळ झटकत म्हणालो. "उगाच पडलो का मी?"

मोहिनीनं टाकी धुतली, बाजारातून एरंडेल आणून नवं इंधन केलं आणि संध्याकाळी मैदानावर जुनंच इंजिन सुरू केलं. आनंदाबाई पदर तोंडात धरून उभ्या. विमान वर चढलं, उलटं झालं, आणि गुणगुणत खाली आलं. पुन्हा एक कोलांटी. आणखी एक!

"ठरलं! जुनंच नेतो!" मोहिनी ओरडली.

आनंदाबाईंना रडू फुटलं. "माह्या हातानं फुटलं असतं वं पोरी तुह्यं विमान!"

"पण दाळ तं टिकन ना वर्षभर?" मोहिनीनं त्यांना मिठी मारत विचारलं.

आनंदाबाईंनी डोळे पुसले, एरंडेलाचा नवा डबा उचलला आणि काखेत घट्ट धरला. "रविवारी मी बी येतो नागपूरले. हा डबा सारा रस्ता माह्या मांडीवर राहीन. पाहू कोण हात लावते त्याले!"