बॉनेट गप्प झाल्याची तक्रार

खारशेत ग्रामपंचायतीच्या घंटागाडीला घंटा नव्हती आणि याबद्दल गावात कोणाचीही तक्रार नव्हती. गाडी नवी आली तेव्हा तिच्या टपावर एक भोंगा होता आणि त्यातून स्वच्छतेचं गाणं वाजत असे. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याने आधी गाण्याचे शब्द खाल्ले, मग चाल खाल्ली आणि शेवटी भोंगाही खाल्ला. नव्या भोंग्याचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात गेला. तिथे तो अजून सुखरूप आहे, कारण खारा वारा तिथवर पोचत नाही.

तरीही गावातला कचरा रोज उचलला जात होता आणि त्याचं सगळं श्रेय गाडीच्या बॉनेटला होतं. गाडी म्हणजे एक जुनी पिकअप. तिच्या बॉनेटचा खटका झिजून गेला होता, म्हणून चालक महिपतने ते पुढच्या बंपरला नायलॉनच्या दोरीने बांधून टाकलं होतं. दोरी बॉनेटला उडू देत नसे, पण नाचू देत असे. ओढ्यावरच्या साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, ते धडाडधडाड वाजे, शाळेपुढच्या डांबरावर नुसतं खुळखुळे आणि देवळामागच्या चढावर थंडीत दात वाजावेत तसं वाजे. गावच्या बायकांनी या आवाजांवर आपली सकाळ बसवली होती. साकव वाजला की चहा चुलीवरून उतरवायचा, डांबर वाजलं की बादली उचलायची, चढ वाजला की दारात येऊन उभं राहायचं. रंगूकाकींचा कान तर इतका तयार झाला होता की त्या माजघरातून सांगत, आज दोरी जरा सैल हाय.

एका सकाळी ती दोरी शाळेच्या उतारावर तुटली. वाऱ्याने बॉनेट उचललं आणि ते मागे उलटून काचेवर आपटलं. महिपतला रस्ता दिसायचा बंद झाला, दिसत होता तो फक्त पत्रा. त्या पत्र्यापलीकडे शाळेत निघालेली पोरं आहेत, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पहिलीतला एक मुलगा बंपरला हात लावून उभा होता. पोरांना हा खेळ फार आवडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन महिपतने हे बायकोला सांगितलं, तेही हसत हसत, टाळ्यांसकट. इंदूबाई हसली नाही. "पोरांनी टाळ्या वाजवल्यान," ती म्हणाली, "त्यांच्या आयांनी काय वाजवलं असतं? तो पत्रा धड बसल्याबिगर गाडीला हात लावाल तर बघा."

महिपत त्याच दुपारी गाडी घेऊन बोर्ली पंचतनला साहिल मेकॅनिककडे गेला. साहिलने एका मोडीत निघालेल्या जीपचे स्प्रिंगचे दोन क्लॅम्प काढून ठेवले होते. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांनी डब्याच्या झाकणाची कडी आठवावी. क्लॅम्पचा एक भाग गाडीच्या अंगाला पक्का बसवतात. त्याला एक आकडा असतो आणि आकड्याच्या पोटात स्प्रिंग. आकडा ओढून बॉनेटवरच्या खाचेत अडकवायचा आणि दांडी खाली दाबायची, की स्प्रिंग बॉनेटला सतत खाली ओढून धरते. खड्डा आला की दोरीला ढील पडते, स्प्रिंगला पडत नाही. म्हणून पत्रा उडतही नाही आणि वाजतही नाही. साहिलने दोन्ही बाजूंना एकेक बसवला, वर मूठ आपटून पाहिली आणि म्हणाला, "आता वाजलं तर नाव बदलीन, महिपतदादा."

परत येताना साकव आला कधी आणि गेला कधी, महिपतला कळलंच नाही. चालकाच्या जागेवर बसून त्याला प्रथमच इतर गोष्टी ऐकू आल्या. झावळ्यांची सळसळ ऐकू आली, शाळेत चाललेली प्रार्थना ऐकू आली. गाडीच्या मागच्या चाकातून कुईकुई येतेय हेही कळलं, आणि वंगण घालून त्याने तीही बंद केली. आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं त्याला वाटलं. नोकरीत असं वाटून घेऊ नये, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सगळ्या आळ्यांतून फिरली आणि रिकामी परत आली. कोणी बादली घेऊन बाहेर आलंच नाही. हॉर्न वाजवायची सोय नव्हती. गावात पर्यटकांच्या राहण्याची घरं झाली होती, मुंबईच्या माणसांची झोपमोड होते म्हणून ग्रामसभेने हॉर्नबंदीचा ठराव केला होता आणि तसा फलकही लावला होता. मग महिपत दारोदार थांबून हाका मारू लागला. त्यावर, पंचायतीचा माणूस सकाळी सकाळी बायकामाणसांच्या दारात ओरडतो, अशी तक्रार झाली. त्याने हाका बंद केल्या. त्यावर, गाडी येणंच बंद झालंय, अशी तक्रार झाली.

ही दुसरी तक्रार गंभीर होती. महिपत कंत्राटी होता, कंत्राट संपत आलं होतं आणि पुढचं मिळणार की नाही हे स्वच्छता तपासणीचं पथक येऊन गेल्यावर ठरणार होतं. सरपंच दिनानाथतात्यांनी गावाची बैठक बोलावली. ग्रामसेवक सुजित भाऊसाहेब अध्यक्षांच्या परवानगीने बोलायला उभे राहिले. ते शांत स्वभावाचे, नियमाने चालणारे गृहस्थ होते. समोरच्या माणसाचं म्हणणं ते पूर्ण ऐकून घेत आणि मगच फेटाळत.

"गाडी आली होती याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

महिपतने सांगितलं की तो रोज येतोय, सगळ्या आळ्या फिरतोय.

"मग कचरा कुठे आहे?"

"कुणी टाकलाच न्हाय, भाऊसाहेब."

"टाकला नाही, म्हणजे गाडी आली नाही. आली असती तर टाकला असता. लोक जबाबदार आहेत आपले."

महिपतने बैठकीत नजर फिरवली. ओळखीचा एक चेहरा दिसला. "रंगूकाकी, काल तुम्ही ओट्यावर व्हतात. मी गाडी उभी करून हात केला. तुम्ही पण केलात."

"केला की," रंगूकाकी म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "पण आवाज कुठं व्हता रे? मला वाटलं, असाच कुठं तरी चाललायस."

भाऊसाहेबांनी इतिवृत्तात नोंद केली, की वाहनाची दृश्य उपस्थिती आढळते, तथापि श्राव्य उपस्थिती आढळत नाही, सबब फेरी झाली असे मानता येत नाही. सदर वाहन सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय शांत करण्यात आले आहे, असंही त्यांनी पुढे जोडलं.

महिपतने मग उतारावर काय घडलं होतं ते सांगितलं. पत्रा, काच, पोरं, बंपरला हात लावून उभा असलेला मुलगा, सगळं सांगितलं. बैठक हळहळली. पण मुलाला काही झालं नव्हतं, त्यामुळे तो विषय कोणत्या शीर्षाखाली घ्यावा हे ठरेना आणि तो सोडून द्यावा लागला. महिपतने दुसरा उपाय सुचवला. शाळेत एक जुनी पितळी घंटा पडून होती, ती गाडीला टांगावी.

सूचना सोपी होती, म्हणून तिच्यात काही तरी गोम असणार, असं सगळ्यांना वाटलं. भाऊसाहेबांनी तिच्यातला धोका समजावून सांगितला. घंटा टांगली तर गाडीला घंटा आहे, असं होईल. तसं झालं की भोंग्याची गरज उरली नाही, म्हणून वरचं कार्यालय प्रस्ताव परत पाठवील. एका घंटेपायी गावाने हक्काचा भोंगा का घालवावा? तात्यांना हे पटलं. न आलेल्या भोंग्याचं नुकसान होऊ नये, यावर एकमत झालं.

उरलं फक्त बॉनेट. ते पूर्ववत वाजतं करावं, असा ठराव झाला.

महिपतने मधला मार्ग काढून पाहिला. एका बाजूचा क्लॅम्प काढला, दुसरा ठेवला. पत्रा उडणार नाही आणि थोडा वाजेलही, असा त्याचा हिशेब. पंचायतीने नेमलेल्या समितीने साकवाजवळ उभं राहून चाचणी घेतली. आवाज आला, पण तो मागच्या आळीपर्यंत पोचेना. मागची आळी कर भरते, तिलाही पूर्ण आवाजाचा अधिकार आहे, असं तात्या म्हणाले. दुसराही क्लॅम्प निघाला. दोन्ही क्लॅम्प पंचायतीच्या कपाटात जमा झाले आणि बंपरला पुन्हा दोरी आली.

गावचं जीवन लगेच रुळावर आलं. साकव वाजला, चहा उतरला, बादल्या भरभरून दारात आल्या. महिपत सुधारला, असं लोक म्हणू लागले. हे वारं मग शाळेतही गेलं. तिथल्या मृणालबाईंचा वर्ग फार शांत असे. मुलं माना खाली घालून चिंचोके मांडत, पानांवरच्या शिरा मोजत, एकमेकांना हलक्या आवाजात समजावून सांगत. पालकांनी खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं आणि इथे काही शिकवत नाहीत, असं ठरवलं. आता त्या वर्गात दिवसभर पाढे ओरडले जातात. चिंचोके गेले. पालक समाधानी आहेत.

फक्त इंदूबाई समाधानी नव्हती. ती पंचायतीत जाऊन तात्यांपुढे उभी राहिली आणि क्लॅम्प परत मागितले. तात्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तपासणी होईपर्यंत धीर धरायला सांगितलं.

"आणि मधीच पत्रा उडला तर?"

"काळजी तुम्हालाच हाय का, वहिनी? आम्हाला न्हाय?" तात्या म्हणाले. "पण पथकापुढं गाडी मुकी गेली तर महिपतची नोकरी जाईल. मी त्याच्याच भल्यासाठी बोलतोय."

घरी येऊन तिने महिपतला नोकरी सोडायला सांगितलं. तो म्हणाला, की त्याच्या जागी दुसरा कोणी येईल, त्याला उतारावर पोरं कुठल्या बाजूने चालतात हेही ठाऊक नसेल.

पथक आलं त्या सकाळी तात्या स्वतः साकवाजवळ उभे होते. साहेब लोक शाळेच्या कट्ट्यावर चहा घेत होते आणि तिथवर आवाज दणदणीत यायला हवा होता. गाडी दिसताच तात्यांनी वेग वाढवायची खूण केली. महिपतने वाढवला. साकव असा वाजला की कट्ट्यावरच्या साहेबांनी कप खाली ठेवले. गाडी तशीच उताराला लागली आणि दोरीने दम सोडला.

पुन्हा तोच पत्रा काचेवर आला. पण या वेळी वेग जास्त होता आणि ब्रेकवर गाडी थांबणार नाही, हे महिपतला कळलं होतं. पोरं उजव्या हाताने चालतात, हेही त्याला माहीत होतं. त्याने न बघता स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं. गाडी बांध तोडून भाताच्या खाचरात गेली आणि उताणी पडली. एवढा मोठा आवाज खारशेतमध्ये कोणी ऐकला नव्हता. मागच्या आळीलाही तो स्वच्छ ऐकू गेला.

सगळं गाव बादल्या घेऊन बाहेर आलं.

लोक बांधावर रांगेत उभे राहिले. आज गाडी वेळेवर आली, असं दोघी-तिघींनी एकमेकींना सांगितलं. गाडी उताणी असल्याने कचरा नेमका कुठे टाकावा याबद्दल थोडा गोंधळ झाला, पण पुढच्याने चाकांमध्ये टाकला, मग बाकीच्यांनीही तिथेच टाकला. पथकाचे प्रमुख हे दृश्य वरून पाहत होते. इतका उत्स्फूर्त लोकसहभाग आपण दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिला नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी त्याप्रमाणे गुण दिले.

मोकळ्या हातांनी धावत आली ती एकटी इंदूबाई. गुडघाभर चिखलात ती दाराचं हँडल ओढत होती. आत महिपत खांदा धरून पडला होता. शुद्धीत होता आणि पोरं कुठे आहेत, एवढंच विचारत होता. दार उघडेना. तिने वळून जवळच्या रंगूकाकींना हाक मारली, "काकी, जरा हात लावा."

"आले गो," रंगूकाकी म्हणाल्या. "एवढी बादली रिकामी करते."

पोरांपैकी कोणाला खरचटलंही नव्हतं. महिपतचा खांदा आता बरा आहे, हात मात्र पूर्ण वर जात नाही. खारशेतला तालुक्यात पहिला क्रमांक मिळाला. पण खारशेतच्या लोकांना हसायची घाई करू नका. महिपत क्लॅम्प लावून रोज सकाळी गुपचूप येत राहिला असता, पोरं सुखरूप शाळेत जात राहिली असती, तर त्याची गोष्ट कोणी लिहिली नसती आणि लिहिली असती तरी तुम्ही पहिल्या पानावरच सोडून दिली असतीत. तुम्ही इथवर आलात, ते गाडी उलटण्याचा आवाज ऐकूनच.