दोन आभाळं आणि एक डुलकी

बायकोचा जुना कॉम्प्युटर कुंथत-कण्हत का होईना चालत होता, पण नवऱ्याला ते बघवेना. महागडा पांढरा घ्यावा की स्वस्तातला काळा, याचा काथ्याकूट त्याने इतका केला, की शेवटी दुकानदारानेच हात जोडले. "साहेब, दोन्ही घरी नेऊन बघा, पण एक तरी घ्या हो!"

बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. शेवटचं चित्र झोपलेल्या गावाचं होतं. ते संध्याकाळपर्यंत गेलं नाही, तर अख्खं पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. आणि तिचं गाव काही केल्या झोपत नव्हतं.

"तुझ्या चित्रातलं आभाळ या दोघांना भिंतीएवढं मोठं करायला देतो," दोन्ही नवे कॉम्प्युटर तिच्या टेबलावर मांडत नवरा म्हणाला. "आधी संपवेल तो आपला."

"अहो, मी काम कशावर करू?"

"आता कुणी हात लावायचा नाही. स्पर्धा म्हणजे स्पर्धा!"

त्याने जुन्याची वायर उपटली. बायकोने चरफडत ते धूड उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर जोडलं.

इकडे दोन्ही पडद्यांवर ढग हळूहळू उतरू लागले. काळ्याच्या आतला पंखा एकाच सुरात गुणगुणत होता. सासूबाई चष्मा पुसत येऊन बसल्या.

"कोण पुढे आहे रे?"

"काळा. पण आई, पांढरा बघ, अजिबात आवाज करत नाही."

"आवाज न करणाऱ्यांचा मला भरवसा नाही. तुझे वडील असेच होते."

मग एक ढग आला, त्यामागून दुसरा आला. किंमत, वेग सगळं कुठेतरी लांब राहिलं. नवऱ्याला वाटलं, आपण खुर्चीसकट वर निघालोय आणि शेजारून आई तरंगत येतेय. किती बरं वाटत होतं!

बायको भांडायलाच बाहेर आली होती. दोघं एकमेकांना टेकून, तोंडं उघडी टाकून गाढ झोपलेली. तिने क्षणभर पाहिलं आणि तशीच ओट्याकडे पळाली.

दिवेलागणीला नवरा दचकून उठला. दोन्ही आभाळं पूर्ण झाली होती.

"अरेच्चा! जिंकलं कोण?"

"जुना," बायको म्हणाली. "चित्र गेलं. पसंतीचा फोनसुद्धा आला."

चित्रात एका गच्चीवर एक माणूस आणि त्याची आई, ढगांखाली घोरत होती.

"तुम्हाला बघून गाव झोपलं एकदाचं."

"माझे दात मात्र सगळे काढलेस हो," सासूबाई खूश झाल्या.

नवरा ओशाळला. "उद्या दोन्ही परत करून येतो."

"छे, छे!" बायको घाईघाईने म्हणाली. "पुढचं पुस्तकही मलाच मिळालंय. त्यातही सगळे झोपलेलेच आहेत. तुम्ही आपली तुलना चालू ठेवा."