गावाला चुना लावणारे हसनचाचा

हसनचाचा तांबोळ्यांनी सरपंचांच्या बैलाला चुना लावला, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मोडका बैल गळ्यात मारला असेल. तसं नाही. चाचांनी खरोखरच बादलीत कुंचा बुडवून बैलाच्या वशिंडापासून शेपटापर्यंत एक पांढरा पट्टा ओढला होता.

सरपंच धोतराचा सोगा हातात धरूनच पेठेत आले.

"तांबोळी, बैल म्हंजी काय रस्त्यातला धोंडा हाय?"

"उभा असला तर बैल," चाचा पानाच्या शिरा काढत म्हणाले, "बसला की धोंडाच. रोज दिवेलागनीला पेठेच्या मधी बसतो. काळा कुळकुळीत. परवा पोस्टमन त्याच्यावरनं पालथा पडला. बैल उठला बी न्हाई."

सरपंचांनी एक पान खाल्लं आणि बैल घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा तिथंच बसला होता. पट्टा मात्र लांबून छान दिसत होता.

आमचं गाव पिंपरीपासून कोसभर. पिंपरीला तेव्हा कारखाने उभे राहत होते आणि त्यांचा उजेड संध्याकाळी आमच्या माळावरून दिसायचा. देहूरोडच्या छावणीत खेचरांच्या पागेतसुद्धा बल्ब आहेत, असं तिथं कामाला जाणारे लोक शपथेवर सांगायचे. आमच्या पेठेत माणसांसाठीही काही नव्हतं. तीन कंदील होते. एकाला काच नव्हती, एकाला वात नव्हती आणि तिसरा कुठं गेला हे कुणी विचारत नसे. पेठेचा रस्ता निम्मा दगडांचा आणि निम्मा लोकांच्या पुढं आलेल्या पायऱ्यांचा. सूर्य मावळला की गाव ठेचकाळायला सुरुवात व्हायची.

त्यावर चाचांचा उपाय म्हणजे चुना. दगड दिसला, लाव चुना. विहिरीचा काठ, चिंचेचा बुंधा, गटाराची कड, चावडीचा उंबरा, सगळ्याला चुना. मी नवी सायकल घेतली तेव्हा तिच्या मागच्या मडगार्डलाही त्यांनी न विचारता हात मारला. कुणी वैतागलं की चाचांचं ठरलेलं वाक्य असे: "पुढच्याला ठेच, मागचा शहाना. कबूल! पन मग पुढच्यानं काय गुन्हा केला?"

गावही काही कमी नव्हतं. "साऱ्या गावाला चुना लावला, पण पठ्ठ्या अजून दुकान उघडून बसलाय!" असं त्यांच्याच दुकानापुढच्या फळीवर बसून, त्यांचंच पान तोंडात धरून लोक म्हणायचे. संध्याकाळची बैठक तिथंच असे. चाचांची बीबी वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही फळी हाच त्यांचा संसार.

समोर, रस्ता ओलांडून दहा पावलांवर, गोविंदकाका शिंप्यांचं दुकान. उंच जोतं, पाच पायऱ्या, ओट्यावर शिलाईचं मशीन. दोघं लहानपणचे सोबती, आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं की, चाचांच्या पानात चुना जास्त झाला आणि काकांची जीभ भाजली. किंवा काकांनी शिवलेल्या ईदच्या कुडत्याची एक बाही आखूड झाली, म्हणून चाचांनी चुना जास्त लावला. आधी पान की आधी बाही, यावर गावात दोन तट होते.

बोलत नव्हते म्हणजे गप्प होते असं नाही. मधून जाणाऱ्या माणसाला थांबवून बोलायचे.

"ए बी.ए.," काका मला हाक मारायचे, "त्या तांबोळ्याला सांग, माझ्या पायरीला पुन्हा चुना लावलास तर कुंचा मोडीन. आज पायरीला लावतोय, उद्या मला लावील."

"बी.ए., त्या शिंप्याला सांग, पायरी त्याची, पन रस्ता पंचायतीचा."

सांगायची गरज नसे, दोघांनाही ऐकू आलेलं असे. तरी मी सांगायचो. पदवीधर माणसाचा गावाला काहीतरी उपयोग व्हायला हवा. आणि काकांच्या त्या पाच पायऱ्यांना चाचा खरंच साऱ्या गावापेक्षा जाड चुना लावायचे. आम्हाला वाटे, खुन्नस.

माझं म्हणाल, तर माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचे. घरात माझ्याआधी कुणी सही केली नव्हती, सगळे अंगठे. हे मी लाजून सांगत नाही, छाती काढून सांगतो. पण बी.ए. होऊन चार महिने नोकरी नव्हती आणि लोक तोंडावर विचारायचे, "बी.ए. होऊन काय दिवे लावलेस?"

असंच एकदा कुणीतरी फळीवर विचारलं, तर चाचा म्हणाले, "लावायचेच हायेत. चार."

कारण त्याच आठवड्यात पेठेला विजेचे चार खांब मंजूर झाले होते. एक चावडीपाशी, एक विहिरीवर, एक मारुतीपुढं, हे बिनबोभाट ठरलं. चौथा चाचांच्या दुकानापुढं घ्यावा असं सरपंचांच्या मनात होतं. बैठक तिथं, वर्दळ तिथं. इतर गावांत खांब आपल्या दारात यावा म्हणून डोकी फुटली. आमच्याकडे चाचा दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्ज लिव्ह. खांब मला नगं. समोर शिंप्याच्या दारात पायजे."

"कारण काय लिहू?"

"कारन लिवायचं न्हाई."

"चाचा, कारणाशिवाय अर्ज होत नाही."

"मग बी.ए. कशाला झालास? बिनकारनाचा अर्ज तर माझा मीच तोंडी सांगितला असता."

मी हटून बसलो. शेवटी चाचांनी इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या कोटाचं मधलं बटण चिमटीत धरलं. हा कोट मी पदवीच्या फोटोसाठी काकांकडून शिवून घेतला होता.

"कोट काळा. दोरा कंचा हाय?"

हिरवा होता. मला वाटलं होतं, फॅशन असेल.

"दिसत न्हाई त्याला," चाचा हळू म्हणाले. "दुपारी उन्हात कसंबसं भागवतो. दिस कलला की गेलं. पायरीवरनं दोनदा पडला, गावाला सांगितलं बैलानं ढकललं."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर बोलतही नाही."

"बोलत न्हाई म्हनून बघत बी न्हाई व्हय? नऊ वर्सं समोर बसलोय. माझ्यापुढं दुसरं हाय काय बघायला?"

मी म्हणालो, मग हे सरळ पंचायतीत सांगू. चाचांनी माझं मनगट धरलं.

"येडा का खुळा? शिंप्याचं डोळं गेलं असं गावात झालं, तर उद्या त्याच्याकडं कापड कोन टाकंल? मानूस हातावर पोट भरतो. त्याच्या त्या पाच पायऱ्यांनाच चुना लावला असता, तर गावानं इचारलं असतं, हितंच का? म्हनून समद्या गावाला लावला. आता गाव एवढंच म्हनतं, तांबोळी येडा हाय. म्हनू दे."

मी बटणाचा हिरवा दोरा बोटानं चाचपला. मग विचारलं, "आणि बैल?"

"बैलाचं मातर खरंच. मधी बसतो त्यो."

मी रात्रभर बसून अर्ज लिहिला. आयुष्यात मी त्याहून चांगलं काही लिहिलं नाही. 'सदर स्थळी प्रकाशाची तजवीज झाल्यास ग्रामस्थांच्या नागरी जीवनास नवी दिशा लाभेल' असं एक वाक्य त्यात होतं. चावडीत ते वाचून झालं तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "दिशा कंची, पूर्व का दक्षिन?" आणि अर्ज तिथंच संपला.

त्यात गोविंदकाका उठले. "मला नगं खांब. उजेडाला पाखरं येत्यात, पाखरांमागं पाली येत्यात. आन् त्या तांबोळ्याच्या अर्जावरनं आलेलं सोनं बी मी दारात ठिवून घेनार न्हाई."

"मग झालं," सरपंच म्हणाले. "चौथा तांबोळ्याच्या दुकानापुढं. लिवून घ्या."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. मी चाचांकडं पाहिलं. खरं कारण त्यांच्या ओठांवर आलंय की काय, अशी मला धास्ती वाटली. चाचा उठले, घसा खाकरला आणि साऱ्या चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"बरोबर हाय शिंप्याचं. त्याला अंधारच बरा. लोकांच्या कापडातनं वीतभर कुठं जातं, ते अंधारात कुनाला दिसतंय!"

शिंप्याला गावात मागून काहीही म्हणतात. तोंडावर, पंचायतीत, असं कुणी म्हणत नाही. गोविंदकाका ताडकन उभे राहिले.

"लिवा सरपंच! खांब माझ्या दारात! माझ्या पायरीला टेकून उभा करा! रोज वट्यावर बसून शिवीन, समद्या गावादेखत कातर चालवीन. चोर कोन हाय ते बघू द्या गावाला!"

कारकुनानं लिहून घेतलं. चाचा खाली बसले आणि खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसायला लागले. ते पुसणं जरा जास्त वेळ चाललं.

गाव चाचांवर भडकलं. चुना लावलेला गावानं हसून सोसला होता, पण म्हाताऱ्या शिंप्याला चोर म्हणणं कुणाला रुचलं नाही. बायका दुकानावरून जाताना पदर ओढून जायच्या. एक आजी तर थांबून म्हणाली, "मुडद्या, जीभ कशी झडली न्हाई तुजी?" चाचा म्हणाले, "झडंल, आजी," आणि सुपारी कातरत राहिले.

महिन्याभरात दिवे लागले. पेठ एकदम अरुंद वाटायला लागली. दिसतच नव्हती तेव्हा बरीच मोठी असावी असा आमचा समज होता. गोविंदकाकांनी मशीन ओट्याच्या पुढच्या कडेला, बरोबर बल्बखाली ओढलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. उजेड तिथं माणसं. फळीवरची बैठक उठली ती समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तेच लोक, तेच विषय, फक्त रस्त्याच्या पलीकडं.

मी एका संध्याकाळी फळीवर जाऊन बसलो. एकटाच होतो. चाचांनी कंदील बारीक करून ठेवला होता. समोरून हसण्याचे आवाज येत होते.

"चाचा," मी म्हणालो, "आता मिटवून टाका. जाऊन बोला. चोर म्हणालो ते खोटं होतं, एवढं तरी सांगा."

"सांगितलं, तर त्यो इचारंल, मग का म्हनलास?" चाचा समोर बघतच बोलले. "शिंपी हाय त्यो. धाग्याचं टोक हातात आलं की समदं उसवून बघंल. मग त्याला कळंल की मला ठावं हाय. त्यापरीस मी वंगाळ बरा."

मी तिथंच बसून राहिलो. त्यांना सोबत म्हणून बसलोय, असं मला वाटत होतं. चाचांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"हितं काय बसलास अंधारात? समोर जा. तिथं चार पोरं बसल्याली असावीत. भवती मानसं असली म्हंजी त्याला थट्टा-थट्टात म्हनता येतं, कुनी सुई ओवून द्या रं. एकटा असला की मागत न्हाई. तसाच बसून ऱ्हातो."

मी रस्ता ओलांडून गेलो. काकांच्या मांडीवर काळं कापड होतं. त्यांनी पावलाच्या आवाजाकडं मान वळवली आणि एका हातात सुई, एका हातात दोरा धरून मोठ्यांदा हसले.

"ये रं बी.ए.! बघू तरी, कॉलेजात एवढं तरी शिकीवलं का!"

मी दोरा घेतला. काळाच आहे ना, ते बल्बाकडं धरून आधी पाहिलं, आणि मग ओवला.