बिनवासाची सकाळ

समजा, एका सकाळी तुमच्या घरातला साबण, पावडर, तेल, अत्तर सगळं बंद झालं, तर काय गोंधळ उडेल? डोळे मिटून बघा बरं. भिंगरीच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

भिंगरी आठ वर्षांची. तिच्याच घरी राहणाऱ्या मावशीला बाळ हवं होतं. बाळ ज्यातून वाढतं ती स्त्रीबीजं बाईच्या पोटात असतात, टिंबाहूनही लहान. मावशीचं रक्त तपासलं तेव्हा आकडा फारच कमी आला, आणि नातेवाइकांनी तिला परस्पर नापास करून टाकलं. मावशी शिवणकाम करायची. मशीन न थांबवता ती म्हणाली, "त्या आकड्यानं बीजं किती उरलीत ते कळतं, कशी आहेत ते नाही. डब्यात तीनच बटणं उरली म्हणून ती फुटकी ठरत नाहीत."

सोनोग्राफीत तीनच दिसली होती. प्रयोगशाळेत बाळाची सुरुवात करून बघायला ती आज बाहेर काढायची होती. हॉस्पिटलचा कागद बजावत होता, की येताना अंगाला कसलाही वास नको. प्रयोगशाळेत ही नाजूक बीजं वासानंही बिघडू शकतात.

आणि काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, सवयीनं शर्टावर अत्तर फवारलं. शर्ट बदलला, तर अत्तर बनियनपर्यंत पोचलेलं. आंघोळीला गेले, तर हाताला लागला तो सुवासिक साबण. पुन्हा नुसत्या पाण्यानं आंघोळ. कपाटातल्या शर्टांना डांबरगोळ्यांचा वास. शेवटी भिंगरीच्या बाबांचा, नुसत्या पाण्यातून काढलेला शर्ट त्यांनी अंगात कोंबला. बाह्या कोपरापाशीच संपल्या. कुणाची हसायची छाती झाली नाही.

हॉस्पिटलच्या दारात सिस्टरनं सगळ्या मोठ्या माणसांना हुंगून आत सोडलं. मावशीला आतल्या खोलीत नेलं. तिच्या दारावर पाटी होती, 'वास लावून आत येऊ नये.' तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, आणि त्यांच्याआधी त्यांचं अत्तर आलं. सकाळीच कुठेतरी त्यांचा सत्कार होता. सिस्टर वहीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागली. काका छत न्याहाळू लागले. भिंगरीनं मात्र खुर्ची ओढत नेऊन दाराला आडवी लावली आणि तीवर बसली.

"डॉक्टरकाका, तुम्हाला आत जाता येणार नाही. वास येतोय."

डॉक्टर हसले. "बाळ, हे हॉस्पिटल माझं आहे."

"मग दारावरची पाटीपण तुमचीच असेल. वाचा की."

"अगं, थोडासाच आहे."

"बीजंपण तीनच आहेत."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिनं वहीतून मान वर न काढता न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

पंधरा मिनिटांनी ते ओल्या केसांनी परतले आणि न सांगताच वाकले. भिंगरीनं दोन्ही कानांमागे हुंगून पाहिलं, मग खुर्ची सरकवली.

तासाभरानं निकाल आला. तिन्ही मिळाली, एक कच्चं, पण दोन छान गोल, स्वच्छ. पुढचं कुणालाच सांगता येत नाही, पण काकांना तेवढ्यानंच रडू आलं. डोळे पुसायला त्यांची बाही पुरेना.

"चल, तुला पडद्यावर दाखवतो," असं म्हणून डॉक्टर भिंगरीला प्रयोगशाळेशेजारच्या खोलीपाशी घेऊन गेले. दारात मात्र ते थबकले. त्यांनी हवा हुंगली.

"खिशात काय आहे गं?"

फ्रॉकच्या खिशातून स्ट्रॉबेरीच्या वासाचा खोडरबर निघाला.

भिंगरीनं तो डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला, वळली आणि ताठ मानेनं न्हाणीघराकडे चालू लागली.

"तुमचा टॉवेल ओला असेल," जाताजाता तिनं बजावलं. "मला दुसरा लागेल."