बेअरिंगला विभूती

रविवारी सकाळी शिवमूर्ती, लातुरातल्या त्या वर्षीच्या रिवाजाप्रमाणे, आंघोळीऐवजी ओल्या फडक्यानं तोंड पुसून देवघरापुढे आला आणि त्यानं डोक्याला हात लावला. आदल्या संध्याकाळी पुण्याच्या बसनं आलेलं बेअरिंग महादेवापुढच्या पाटावर उघडंबोडकं बसलं होतं. खोकं फोडलेलं, आतली तेलकट पिशवी नीट घडी घालून ठेवलेली, आणि त्या चकचकीत कड्यावर विभूतीचे तीन पट्टे.

"अव्वा, हे काय केलंस?"

"नवं लोखंड हाय. देवाला दाखवल्याबिगर चालू करत्यात व्हय?" त्याची आई नागम्मा म्हणाली. "आत फटीतबी लावलीय बघ. कुठं कमी पडाय नगं."

फटीत लावली हे ऐकून शिवमूर्तीनं बेअरिंग झटकन पाटावरून उचललं.

तो अमृतरावांच्या डाळ मिलमध्ये मेकॅनिक होता. दुष्काळानं हमाल पुण्याकडे निघून गेले, तेव्हा पोती उचलणारा जुना यांत्रिक हात विकत घ्या म्हणून मालकांना गळ घातली ती यानंच. मुद्दा बिनतोड होता, यंत्राला प्यायला पाणी लागत नाही. त्या हाताच्या खांद्यात हे क्रॉस रोलर बेअरिंग बसायचं. आतला एक रोळ, म्हणजे इवलासा पोलादी दंडगोल, डावीकडे कललेला, तर शेजारचा उजवीकडे, अगदी सोसायटीच्या संचालकांसारखे. फरक इतकाच, की इथं त्या उलटसुलट कलण्यामुळेच चहूबाजूंचा भार पेलला जातो.

पहिलं बेअरिंग शिवमूर्तीनं हातोडीनं ठोकून बसवलं होतं. आठ दिवसांत खांदा करकरायला लागला. तरी अमृतरावांनी त्याला घालवून दिलं नाही. एकदा माणूस चुकतो, म्हणाले. दुसऱ्यांदा चुकलास तर हातही भंगारात आणि तूही घरी. सोमवारी सकाळी मालाचा ट्रक भरायचा होता. मालकांच्या त्या दोन वाक्यांपैकी पहिल्याचे उपकार शिवमूर्ती विसरला नव्हता, आणि दुसरं विसरणं शक्य नव्हतं.

त्यानं अंगणात पाण्याच्या ड्रमाशेजारी बसून बेअरिंग रॉकेलनं धुतलं. फिरवून पाहिलं, तर आत राख करकरत होतीच. बाहेरचं कडं दोन भागांचं असतं, ते बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं आणि ते स्क्रू सोडायचे नसतात, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. पण त्या कागदात विभूतीचा विचार कुणी केला नव्हता. शेजारचे जिलानीचाचा, शिलाई मशिनींचे जुने कारागीर, कडं धरायला आले. शिवमूर्तीनं स्क्रू सोडले. वरचं कडं काही केल्या निघेना म्हणून त्यानं हिसका दिला आणि रोळ अंगणभर उधळले.

चाळीसपैकी एकोणचाळीस सापडले. चाळिसावा उघड्या ड्रममध्ये टप्पकन पडलेला दोघांनी ऐकला होता.

ड्रम काठोकाठ भरलेला होता. आदल्याच दिवशी टँकर येऊन गेला होता आणि पुढचा दहा दिवसांनी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. चाचांनी स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं. ते मोठ्या प्रेमानं ड्रमलाच चिकटलं, कारण ड्रमही लोखंडाचाच होता. सोडवलं की दुसरीकडे चिकटायचं. शेवटी ड्रम रिकामा करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

घरातली भांडी भरली. मग चाचांच्या बायकोनं, चांदबीनं, दोन घागरी आणून दिल्या. भरल्या घागरी घराबाहेर जाताना गल्लीनं पाहिल्या आणि शिवमूर्तीच्या घरी पाणी वाटतात ही बातमी पसरली. शिवमूर्ती तेव्हा आत घरातली भांडी ढवळून रोळ शोधत होता. तो बाहेर आला तेव्हा दारात बायकांची रांग होती, नागम्मा ड्रम कलता करून शेवटची घागर भरत होती आणि ड्रमात पाणीही नव्हतं, रोळही नव्हता.

"अव्वा, पानी वाटलंस?"

"घागर घिऊन दारात आलेल्या बाईला न्हाई कसं म्हनू? जिल्हा झाला तवा घरोघर नळ येनार म्हनले हुते. नळ आला, पानी यायचं ऱ्हायलं. निदान आपून तरी द्यावं."

म्हणजे रोळ कुणाच्या तरी घागरीत गेला होता. शिवमूर्ती दारोदार फिरला. पाणी ओता असं सांगायची त्याची छाती होईना. त्यानं एवढंच विनवलं, की घागर जरा हलवून बघा, माझी नोकरी हाय त्यात. कुणी हसलं नाही. गल्लीभर बायका घागरी कानाशी धरून हलवू लागल्या. सरजाबाईच्या घागरीत खडा निघाला, एकीच्या घागरीत हरवलेलं जोडवं. मग चांदबीनं हाक मारली. तिनं आपली घागर पदरातून गाळली होती, थेंबही न सांडता, आणि पदरात रोळ चमकत होता. शिवमूर्तीनं वाकून तिच्या पायांना हात लावला.

दुपारभर दोघांनी रोळ पुसून, तेल लावून, उलटसुलट ओवून बेअरिंग जोडलं, ग्रीस भरलं. मिलमध्ये बसवताना चाचांनी हातोडी आपल्या पिशवीत लपवली. बोल्ट सरळ ओळीनं नाही, तर बाजेची दोरी ताणतात तसे, एक इकडचा, एक समोरचा, थोडे थोडे आवळले.

सोमवारी पहिलं पोतं उचललं गेलं तेव्हा काही आवाजच झाला नाही. ट्रक भरेपर्यंत अमृतराव यंत्राच्या खांद्याशी कान लावून उभे होते. मग त्यांनी कपाटातून एक नवं खोकं काढून शिवमूर्तीच्या हातात ठेवलं.

"कोपराचंबी बदलून टाक. तुलाच जमतंय हे."

शिवमूर्ती घरी आला तो रिकाम्या ड्रमच्या काळजीतच. झाकण उघडलं तर पाणी काठाला लागलेलं होतं. प्रत्येक घरानं आपापली घागर आणून ओतली होती, सरजाबाईनं तर खडा काढून. दहा दिवसांचं पाणी उंबऱ्याबाहेर जाऊन जसंच्या तसं परत आलं होतं. शिवमूर्तीनं झाकण जपून लावलं.

मग त्यानं आपण होऊन नवं खोकं महादेवापुढे ठेवलं.

"अव्वा, लाव विभूती. पर खोक्याला."

नागम्मानं खोक्यावर तीन पट्टे ओढले. बोटांना उरलेली विभूती तिनं त्याच्या कपाळावरून फिरवली आणि ती भाकरी टाकायला आत गेली.