बारदाना वजा करून

दिनकरमामांना पेढ्यांचा बॉक्स दिला, की ते आधी पेढे ताटलीत काढतात. मग रिकामा बॉक्स तळहातावर तोलतात आणि म्हणतात, "साठ ग्रॅम पुठ्ठ्याचे गेले, मास्तर. पेढ्याच्या भावानं पुठ्ठा घेऊन आलास."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, राहणार दिंद्रुड. तीस वर्षं बाजारात मापाडी होते. धान्याची पोती तोलायची, रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन वजा करायचं आणि खरा आकडा मोठ्यानं सांगायचा, हे काम. काटा सुटला, सवय सुटली नाही. कुणी काहीही सांगो, मामा म्हणणार, "बारदाना वजा करून सांग." नवरदेवाची उंची सांगितली, तर त्याला बूट काढायला लावतात. मी एकदा पाच किलो घटल्याचं कौतुक सांगत होतो. मामांनी विचारलं, "आधी तोललं तवा अंगात स्वेटर, पायात बूट होते का?" होते. पाचाचे साडेतीन झाले.

मामी गेल्यापासून मामा घरी एकटेच. मुलगी सुरेखा पुण्याला डेटा अ‍ॅनालिस्ट. आकड्यांच्या ढिगातून कंपनीला कामाचं तेवढं काढून देते. मामांच्या मते, "काम आपलंच हाय, फकस्त पोती दिसत न्हाईत." तिचं पॅकेज पंधरा लाख झालं, तेव्हा गावानं बारानं भागून महिन्याचे सव्वा लाख काढले आणि मामांकडे पार्टी मागितली. मामांनी पार्टी दिली नाही. तिच्याकडून पगाराची स्लिप आणि पॅकेजचा कागद मागवला, दोन्ही छापून घेतले आणि बीडला माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरगी दर महिन्याला वीस हजार पाठवती. म्हनती, आबा, मला भरपूर उरतं. मला ते उरलेलं बघायचंय. बघितल्याबगर जात न्हाई."

मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो, म्हणून माझ्याकडे. माझा स्वतःचा टॅक्स बायकोचा भाऊ भरतो, हे मामांना माहीत नव्हतं.

पहिली ओळ इन्कम टॅक्सची. "सरकारचं हाय. जाऊ दे." व्यवसाय कर, दोनशे रुपये. "दोनशेला कावून रडायचं?" मग आला प्रॉव्हिडंट फंड.

"हे तिचेच पैसे, मामा. पुढं मिळतात."

"अन् पॅकेजच्या कागदावर हे दुसरं, तेवढंच?"

"तो कंपनीचा वाटा. तोही पॅकेजमध्येच धरतात. आणि ही ग्रॅच्युइटी, पाच वर्षं टिकली तर."

मामा ताडकन उठले. "म्हंजी पोत्याचं वजन धान्यात धरून आकडा सांगितला की बे! अन् तू एवढा शिकलेला, गप बसलास?"

एवढा शिकलेला मी स्लिपची पुढची ओळ वाचायला लागलो.

शेवटी हातात लाखभर आले. मला हायसं वाटलं. मामांनी मात्र पेन्सिल खाली ठेवली नाही. खोलीचं भाडं, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, डबा, जाणं-येणं, सगळं वजा केलं. मग स्वतःला येणारे वीस हजार. उरले जेमतेम दहा.

मामा कागदाकडे बघत राहिले. "ल्हानपणी अशीच म्हनायची. पोट भरलंय, आबा. अन् टोपलं उघडावं, तर तिच्या वाटणीची अर्धी भाकर माझ्यासाठी ठिवलेली."

त्यांनी तिथूनच फोन लावला. स्पीकरवर, कारण तो बंद कसा करायचा हे त्यांना अजून सापडलेलं नाही.

"सुरे, पुढल्या महिन्यापासून एक रुपाया पाठवायचा न्हाई. मला लई हाय. दोन एकर हाय, तूर हाय. मजेत भागतंय माझं."

 पलीकडून सुरेखा म्हणाली, "आबा, बारदाना वजा करून सांगा."

भर बाजारात व्यापाऱ्यांपुढे कधी न अडखळलेले मामा माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं.

"रविवारी ये," शेवटी ते म्हणाले. "दोघांचंबी समोरासमोर तोलू."

आणि फोन ठेवता ठेवता, "अन् वाटंत काही खाऊन येऊ नको."